कार्ड म्हणतं हो, एलायझा म्हणते नाही

वाचकाचं पत्र

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

मी बार्शीची. वय ५१. पित्ताशयात खडे आहेत. अधूनमधून उजव्या कुशीत असं दुखतं की रात्र बसून काढावी लागते. शेवटी ऑपरेशनचं ठरलं. त्याआधीच्या तपासण्यांत हॉस्पिटलच्या लॅबनं कार्डावर एचसीव्ही, म्हणजे यकृताला धरणाऱ्या हेपेटायटिस सीचा विषाणू, बघितलं आणि 'रिऍक्टिव्ह' म्हणून रिपोर्ट हातात दिला. ऑपरेशन थांबलं. सर्जन म्हणाले, आधी खात्री करून या. आणि पॉझिटिव्हच निघालं तर ऑपरेशनवेळी घालायच्या संरक्षक किटचे पैसे वेगळे पडतील.

आमच्या यांनी मला दुसऱ्या दिवशीच गावातल्या दुसऱ्या लॅबमध्ये नेलं. तिथं एलायझा केली, ती 'नॉन-रिऍक्टिव्ह' आली. पेढे वाटायचेच बाकी होते. पण सर्जन म्हणाले, एक हो आणि एक नाही, असं चालणार नाही. म्हणून सोलापूरला मोठ्या लॅबच्या कलेक्शन सेंटरवर रक्त दिलं. तिथं सीएलआयए नावाची टेस्ट झाली, तिच्यात 'रिऍक्टिव्ह, २.४१'. मग बरेच पैसे भरून पीसीआर केली. त्यात 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' आलंय, पण खाली '१५ आययू' असंही छापलंय. म्हणजे पंधरा विषाणू आहेत असं धरायचं का? यकृतासाठीची एसजीपीटी ५८ आहे आणि तिच्यापुढे ठळक 'एच' (म्हणजे जास्त) आहे.

१९९७ साली थोरलीच्या बाळंतपणात अंगावरून फार गेलं होतं. तेव्हा दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. धाकटा २००१चा. थोरलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. सासूबाईंनी माझं ताट, वाटी, पेला वेगळा काढलाय. बोलत काही नाहीत, पण मला कळतं. दिरांचे एक मित्र मेडिकलवाले आहेत. ते म्हणतात, बारा आठवड्यांच्या गोळ्या मिळतात, घेऊन टाका, कटकट मिटेल. जाऊबाई रोज सकाळी गुळवेलीचा काढा करून देतात.

चार रिपोर्टांतला खरा कोणता? मुलांची तपासणी करू का? व्याह्यांना सांगावं लागेल का?

(नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर

ताई,

सगळ्यात आधी मनाला लागलेली गोष्ट. तुमच्या चार रिपोर्टांवरून आज तुमच्या रक्तात हेपेटायटिस सीचा विषाणू असल्याचा कसलाही पुरावा नाही. सासूबाईंना ताट-वाटी परत एकत्र ठेवायला सांगा. विषाणू असता तरीही मी हेच सांगितलं असतं. त्याचं कारण पुढे येईलच.

आता रिपोर्टांकडे वळू. माझी नोकरी सगळी लॅबमध्ये गेली. 'यातला खरा कोणता' असं विचारत कागदांची चळत घेऊन येणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. तुमच्या चारांपैकी एकही रिपोर्ट खोटा असायलाच हवा असं नाही. त्यातल्या तिघांनी एक प्रश्न विचारला आणि चौथ्यानं अगदी वेगळा.

कार्ड, एलायझा आणि सीएलआयए या तिन्ही तपासण्या अँटिबॉडी शोधतात, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रथिनं. विषाणूला त्या हातही लावत नाहीत. घरात चोर शिरून गेल्यावर माणूस दाराला जास्तीची कडी बसवतो. ती कडी पाहून एवढंच म्हणता येतं की इथे कधीतरी चोर आला असावा. तो आत्ता माळ्यावर लपून बसलाय की कधीच पसार झालाय, हे कडी सांगत नाही. आणि काही घरांत कडी निव्वळ भीतीपोटी बसवलेली असते, चोर कधी आलेलाच नसतो. तो खोटा पॉझिटिव्ह. पीसीआर मात्र कडी बघत बसत नाही, ती थेट माळ्यावर चढते. विषाणूचं जनुकीय द्रव्य, आरएनए, रक्तात आहे का एवढंच ती पाहते.

म्हणून आज आजार आहे का, गोळ्या घ्यायच्या का, दुसऱ्याला लागण होईल का, या सगळ्यांचं उत्तर चौथा कागद देतो. पहिल्या तिघांचं काम होतं तुम्हाला चौथ्यापर्यंत आणून सोडायचं, आणि ते त्यांनी केलं.

तुमच्या '१५'ची गोष्ट. हा प्रश्न एकट्या तुमचा नाही. ती तुमच्या रक्तात सापडलेली संख्या नव्हे. यंत्राची नजर कुठवर पोचते, ती मर्यादा लॅबला छापावी लागते. एका मिलिलिटरमध्ये साधारण १५ आययूपर्यंत विषाणू असला तरी आम्हाला दिसतो, असं लॅब तिथं सांगते आहे. (आययू म्हणजे विषाणूंची डोकी मोजून काढलेला आकडाही नव्हे, ते ठरवून घेतलेलं एकक आहे.) पीसीआरच्या रिपोर्टात तीन तऱ्हेची उत्तरं येतात. 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' म्हणजे काहीच दिसलं नाही. 'डिटेक्टेड, लेस दॅन १५' म्हणजे काहीतरी दिसलं, पण मोजता येण्याइतकं नाही. तिसरं उत्तर म्हणजे सरळ आकडा. यातलं मधलं उत्तर आलं तर तपासणी पुन्हा करावी लागते. तुमचं पहिलं आहे.

आणि आकडा असतो तेव्हा तो कसा असतो, तेही ऐका. जुनाट हेपेटायटिस सी असलेल्या, औषध न घेतलेल्या माणसात एका मिलिलिटरमागे विषाणू बहुतेक वेळा लाखांच्या घरात असतो, आणि महिनोन्महिने साधारण तेवढाच राहतो. आज आहे, उद्या दडला, परवा पुन्हा आला, असला लपंडाव तो सहसा लागण नुकतीच झालेली असताना, पहिल्या काही महिन्यांतच खेळतो. तुमच्या बाबतीत संशयाची जागा एकच आहे, १९९७चं रक्त. इतक्या वर्षांनंतर विषाणू अंगात टिकून असता तर पीसीआरला तो चुकवणं जवळपास अशक्य होतं.

'जवळपास' म्हटलं, कारण पीसीआरही माणसांच्या हातून होते. आरएनए नाजूक असतो. रक्त घ्यायचं ते जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, मग ठरलेल्या वेळात सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्यातला प्लाझ्मा वेगळा करायचा आणि पुढचा प्रवास थंडगार डब्यात. तुमचं रक्त सोलापुरात काढलं, पण तपासणी बहुधा पुण्या-मुंबईत झाली असेल. रिपोर्टाच्या वरच्या कोपऱ्यात नमुना घेतल्याची वेळ आणि प्रयोगशाळेत पोचल्याची वेळ अशा दोन वेळा छापलेल्या असतात. त्या बघा. मध्ये दोन-तीन दिवस गेलेले दिसले, तर 'प्लाझ्मा कधी वेगळा केला?' असं कलेक्शन सेंटरला फोन करून बेधडक विचारा. तो तुमचा हक्क आहे. उत्तर समाधानकारक मिळालं तर विषय संपला. नाहीच मिळालं, तर पीसीआर आणखी एकदा करा. मात्र एकदाच.

आता पहिल्या तिघांचं भांडण. कार्ड हो म्हणालं, एलायझा नाही, सीएलआयए हो. हे कशानं होतं?

कार्ड टेस्ट डोळ्यांनी वाचतात. त्यावर 'सी' आणि 'टी' अशा दोन जागा असतात. 'सी'ची रेघ उमटलीच पाहिजे, ती नसेल तर कार्डच बाद. 'टी'ची रेघ उमटली की रिऍक्टिव्ह. वाचायची वेळ कार्डाच्या कंपनीनं ठरवून दिलेली असते, बहुतेक कार्डांत पंधरा-वीस मिनिटांची. गर्दीच्या लॅबमध्ये दहा कार्डं ओळीनं मांडलेली असतात, तंत्रज्ञ मध्येच कुणाचं रक्त घ्यायला उठतो, आणि परत येईपर्यंत वाळत चाललेल्या कार्डावर पुसटशी छाया उमटलेली असते. ती रेघ धरायची की नाही? घाबरट माणूस धरतो. ऑपरेशनच्या आधीची तपासणी असेल तर त्यानं धरावी हेच बरं, कारण एखादा सुटण्यापेक्षा चार जास्त पकडलेले परवडतात. पण पुढे खात्री करून घेण्याचा खर्च आणि धसका त्या चौघांच्या वाट्याला येतो, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

सीएलआयए यंत्रावर होते. तिच्यात डोळ्यांचा प्रश्न येत नाही, आकडा येतो. तुमचा आकडा २.४१. हा एस/सीओ, म्हणजे तुमच्या रक्तानं दिलेला संकेत आणि उंबरठा यांचं गुणोत्तर. बहुतेक यंत्रांत १च्या वर गेलं की 'रिऍक्टिव्ह' छापलं जातं, मग ते १.१ असो की २०. छापील शब्द तोच, अर्थात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. खरी लागण असते तेव्हा हा आकडा बहुधा चांगला वर असतो. किती वर, ते किटागणिक बदलतं, म्हणून दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून ताडून पाहू नका. २.४१ उंबरठ्यापासून फार लांब नाही. एवढ्यावर असलेले पुष्कळ रिऍक्टिव्ह पुढे खोटे ठरतात. संधिवाताचे काही प्रकार, शरीराच्या प्रतिकारशक्तीनंच उलटून उभे केलेले आजार, कधी दुसऱ्याच एखाद्या संसर्गाच्या अँटिबॉडी अशी कारणं सापडतात. पुष्कळदा कारण सापडतही नाही.

खोट्या पॉझिटिव्हचं प्रमाण इतकं का, हे थोड्या गणितात दाखवतो. राष्ट्रीय पातळीवरच्या पाहणीत हेपेटायटिस सीच्या अँटिबॉडी देशात ०.३२ टक्के लोकांत आढळल्या, म्हणजे हजारात तीन-साडेतीन. आता समजा एखादी चांगली तपासणी निरोगी माणसांत हजारी फक्त पाच वेळा चुकते. सरसकट एक लाख लोक तपासले तर खऱ्या अँटिबॉडीवाले साधारण ३२० सापडतील, आणि चुकून पॉझिटिव्ह ठरलेले जवळपास ५००. तपासणी काही वाईट नाही, तरी पॉझिटिव्हांत खोटेच जास्त! आजार जितका विरळा, तितका हा घोळ वाढतो. कसलाही धोका नसलेल्या माणसाचा एकटा रिऍक्टिव्ह रिपोर्ट म्हणूनच फार मनावर घेऊ नये.

तुम्हाला मात्र 'कसलाही धोका नसलेल्या' म्हणता येत नाही, कारण १९९७. पत्रातली ही ओळ तुम्ही शेवटाकडे लिहिलीत, पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. हेपेटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला १९८९ साली. (त्या कामाला २०२०चं नोबेल मिळालं.) आपल्या रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची झाली ती मात्र २००१च्या सुमारास. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं बंदी आली १ जानेवारी १९९८ पासून. तुम्हाला रक्त चढलं ते या दोन्हींच्या आधी. तेव्हाच्या डॉक्टरांना दोष देऊ नका. त्यांनी त्या रात्री तुमचा जीव वाचवला. पण त्या दोन बाटल्यांतून विषाणू आला असण्याची शक्यता खरी आहे, आणि म्हणूनच तुमच्या बाबतीत पीसीआर करायलाच हवी होती.

आता शक्यता दोन उरतात. पहिली, लागण कधी झालीच नाही आणि कार्ड व सीएलआयए दोघंही फसले. वेगळ्या किटवरची एलायझा नॉन-रिऍक्टिव्ह आली आणि सीएलआयएचा आकडाही खालचा आहे, म्हणून पारडं मला या बाजूला झुकलेलं दिसतं. दुसरी, ९७ साली विषाणू आला आणि तुमच्या शरीरानं त्याला पहिल्या काही महिन्यांतच हुसकून लावलं. हे दुर्मीळ नाही. लागण झालेल्यांपैकी १५ ते ४५ टक्के लोकांत विषाणू कोणत्याही औषधाविना सहा महिन्यांच्या आत निघून जातो. अँटिबॉडी मागे उरतात आणि काही जणांत वर्षानुवर्षांनी हळूहळू उतरू लागतात. मग एका किटला दिसतात, दुसऱ्याला दिसत नाहीत. तुमचे तिन्ही निकाल याही गोष्टीत चपखल बसतात.

दोहोंतलं खरं कोणतं, हे छडा लावून शोधायला निघालात तर आणखी दोन-तीन महागड्या तपासण्या होतील आणि हातात येईल 'बहुधा अमुक'. माझा सल्ला विचाराल तर शोधू नका. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. आज विषाणू नाही, औषध लागत नाही, कुणाला लागण होत नाही. फक्त रक्तदान करू नका. रक्तपेढी तुमच्या अँटिबॉडीवर अडखळेल आणि हे सगळं रामायण पुन्हा पहिल्या कांडापासून सुरू होईल.

एसजीपीटी ५८. तुम्ही हा आकडा सीच्या खात्यावर टाकून मोकळ्या झालात. पण तुमच्याकडे पित्ताशयाचे खडे आहेत, आणि खड्यांसाठी सोनोग्राफी झालीच असणार. त्या रिपोर्टात 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' असं कुठे लिहिलंय का पाहा. पन्नाशीच्या आसपासच्या कित्येकांच्या सोनोग्राफीत ते असतं आणि एसजीपीटी थोडी वर असण्याचं सगळ्यात नेहमीचं कारणही तेच. साखर तपासली नसेल तर तपासा. उलट बाजूही ध्यानात असू द्या. एसजीपीटी अगदी नॉर्मल असलेल्यांतही हेपेटायटिस सी असू शकतो, म्हणून या आकड्यावरून सीबद्दल काहीच ठरवू नये.

आणि हो, तो काढा. जाऊबाईंच्या मायेबद्दल शंका नाही. पण यकृताची तपासणी चालू असताना रोजचा काढा बंद ठेवा. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकतही घेतली होती. त्या वादात मला पडायचं नाही. तुम्हाला काढ्याची गरज काय, एवढाच माझा प्रश्न आहे. महिनाभर बंद करा आणि एसजीपीटी पुन्हा बघा. खाली आली तर काही सांगायलाच नको.

मेडिकलवाल्या मित्रांच्या गोळ्यांबद्दल मात्र स्पष्ट लिहितो: घेऊ नका. सोफोसबुवीर आणि डॅक्लाटासवीर ही जोडी खरोखर गुणकारी आहे. यकृत फार बिघडलेलं नसेल तर १२ आठवड्यांत शंभरातले ९५हून जास्त बरे होतात. इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेत रुग्ण महिनोन्महिने तापानं फणफणायचे ते दिवस ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा चमत्कारच वाटतो. पण ही औषधं विषाणूवर चालतात, अँटिबॉडीवर नाही. रक्तात विषाणूच नसेल तर ती कशावर चालणार? उपचार संपल्यानंतर १२ आठवड्यांनी पीसीआर करून 'विषाणू गेला' असं ठरवतात. तुमच्या रक्तात तर तो आधीपासूनच नाही, मग यश मोजायचं कशानं? शिवाय गोळ्यांच्या आधी हेपेटायटिस बी तपासावा लागतो, कारण तो असेल तर सीच्या उपचारात उसळू शकतो. इतर चालू औषधांशी मेळही बघावा लागतो, हृदयाच्या ठोक्यांसाठीच्या अमिओडॅरोनसारख्या औषधाबरोबर तर जिवावर बेतू शकतं. काउंटरवरून उचलून घ्यायचा हा प्रकार नाही. आणि कुणाला खरंच गरज असेल तर राष्ट्रीय व्हायरल हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट मिळतात. हा कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. खासगीत पैसे भरण्याआधी सोलापूरच्या सिव्हिलमध्ये चौकशी केली असती तर पीसीआरचा खर्चही कदाचित वाचला असता. आता झालं ते झालं.

घरच्यांचं बघू. पावसाळ्यात दूषित पाण्यातून गावभर पसरते ती कावीळ हेपेटायटिस ए आणि ई या विषाणूंची, आणि सासूबाईंच्या मनात बहुधा तीच असणार. सी रक्तातून पसरतो: तपासणी न केलेलं रक्त, एकाची सुई दुसऱ्याला, नीट निर्जंतुक न केलेली अवजारं, गोंदवण्याची तीच सुई. इजिप्तमध्ये एका परजीवी रोगावर उपचार म्हणून गावोगाव इंजेक्शनं टोचली गेली, काचेच्या त्याच त्या सिरिंजमधून, आणि त्यातूनच तिथं सीची प्रचंड साथ उभी राहिली. आपल्याकडेही एका पातेल्यात उकळलेल्या काचेच्या सिरिंज पाहिलेली पिढी अजून आहे. मात्र एका ताटात जेवल्यानं, एका पेल्यातून पाणी प्यायल्यानं, मिठी मारल्यानं, नातवंडाची पापी घेतल्यानं सी पसरत नाही. विषाणू असलेल्या माणसानंही फक्त ब्लेड, दाढीचं सामान, टूथब्रश आणि नखं कापायची कात्री वेगळी ठेवायची असते. तुम्हाला तेही लागत नाही. हा परिच्छेद सासूबाईंना वाचून दाखवा, आणि वाचायला यजमानांना बसवा. सुनेनं वाचलेलं आणि लेकानं वाचलेलं यात आपल्या घरांत अजून फरक पडतो.

मुलांची तपासणी? थोरली तर रक्त चढण्याआधीच जन्मली, तिचा प्रश्नच येत नाही. धाकटा २००१चा. बाळंतपणात आईच्या रक्तात विषाणू असेल तर बाळाला लागण होण्याची शक्यता साधारण पाच-सहा टक्के असते. पण विषाणू आपोआप जातो तो पहिल्या सहा-बारा महिन्यांत. तुमचा ९७ साली आला असेल आणि आपोआप गेला असेल, तर धाकट्याच्या जन्माच्या तीनेक वर्षं आधीच गेला. त्याची तपासणी करायचं मला कारण दिसत नाही. 'करून टाकू, मनाचं समाधान' असं वाटेल, पण वरचं एक लाखाचं गणित आठवा. धोका नसताना तपासणी केली तर एखादी पुसट रेघ त्याच्याही वाट्याला यायची, आणि मग पुढच्या महिन्यात मला त्याचं पत्र यायचं. यजमानांनाही त्याच कारणानं मोकळं सोडा. नवरा-बायकोत सी पसरण्याचं प्रमाण तसंही फार कमी आहे.

व्याह्यांना काही सांगायचं नाही. सांगण्यासारखं काही आहेच कुठे? तुम्हाला आजार नाही, मुलीला तर कधी असण्याचा संबंधच नाही. आईचा चुकलेला कार्ड रिपोर्ट हा लग्नाच्या बैठकीचा विषय होऊ शकत नाही. आणि कुणी कुजबुजलंच तर पीसीआरचा कागद आहे.

तुमचं पत्र छापतो आहे, तर इतरांसाठीही दोन शब्द, कारण उलट्या जोड्याही असतात. उपचार घेऊन बरे झालेल्यांची अँटिबॉडी टेस्ट पुढे बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्हच येत राहते. त्यांनी ती पुन्हा करून घाबरू नये. कुठे विचारलं तर उपचारानंतरची पीसीआर दाखवावी. अँटिबॉडी नाही आणि पीसीआर मात्र पॉझिटिव्ह, असं दोन प्रसंगी दिसतं. एक, लागण अगदी ताजी असताना: विषाणू एक-दोन आठवड्यांत रक्तात दिसू लागतो, अँटिबॉडीला मात्र दोन-तीन महिने लागतात. दुसरं, डायलिसिसवरच्या किंवा प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांत. म्हणून नुकतीच सुई टोचलेल्या परिचारिकेनं नुसत्या नॉन-रिऍक्टिव्ह कार्डावर निर्धास्त होऊ नये. तसंच आईला सी असेल तर बाळाच्या रक्तात आईच्याच अँटिबॉडी दीड वर्षापर्यंत असू शकतात. तोवरच्या पॉझिटिव्ह अँटिबॉडी टेस्टला अर्थ नाही.

ताई, आता तुमचं काम. चारही रिपोर्ट मूळ कागदासकट घेऊन एखाद्या एमडी फिजिशियनकडे किंवा पोटविकारतज्ज्ञाकडे एकदा जा. मोबाइलमधला फोटो नको. फोटो नेमका पहिल्या पानाचा असतो आणि पद्धत, किट, मर्यादा हे सगळं दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत दडलेलं असतं. (तुमच्या कार्ड रिपोर्टाच्या तळाशीही बहुधा 'ही प्राथमिक तपासणी आहे, खात्रीसाठी पीसीआर करावी' असं लिहिलेलं असेल. वाचून बघा.) त्यांच्याकडून लेटरहेडवर साधारण असा मजकूर मागून घ्या: 'अँटी-एचसीव्ही तीन तपासण्यांत विसंगत, एस/सीओ कमी. एचसीव्ही आरएनए आढळला नाही, तारीख अमुक. सध्या हेपेटायटिस सीचा संसर्ग नाही. शस्त्रक्रियेस या कारणानं हरकत नाही.' हा कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावा, कारण एकदा फाइलवर लाल शाईनं 'एचसीव्ही पॉझिटिव्ह' पडलं की पुढचा प्रत्येक माणूस तेवढंच वाचतो.

तोच कागद सर्जनना दाखवा. किटचे वेगळे पैसे आता मागू नयेत. तरी मागितले तर ते कशासाठी, हे बिलावर लिहून मागा. खरं तर ऑपरेशन थिएटरमधली काळजी प्रत्येक रुग्णासाठी सारखीच घ्यायची असते, कारण कुणाच्या रक्तात काय आहे हे कार्डावरून नक्की कधीच कळत नाही. तुमच्याच कार्डानं ते दाखवून दिलंय.

आणि तारीख घ्या. लग्न मार्गशीर्षात आहे म्हणून 'नंतर बघू' असं तुमच्या मनात चाललं असणार, पत्रात लिहिलं नाहीत तरी. सीच्या मागे धावताना पित्ताशय बाजूला राहिलं, आणि आज तुमच्या अंगात खरा त्रास देणारं तेवढंच आहे. खडा सरकून नळीत अडकला तर ऐन हळदीच्या दिवशी ऍडमिट व्हावं लागेल. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं तर लग्नापर्यंत उभं राहून सगळं करता येईल इतका वेळ तुमच्याकडे आहे, असं धरून चालतो. नक्की किती विश्रांती लागेल ते सर्जनच सांगतील. दरम्यान कुशीतल्या दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप आला, किंवा डोळे पिवळे दिसले, तर ती सीची कावीळ समजून पुन्हा लॅब शोधत हिंडू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.